पंचमस्थान : पुत्राच्या घरात प्रेम राहायला कधी आले?

#धागा #इतिहास #मराठी

१/
मराठी मुलखात जन्मपत्रिका बहुधा चौकोनात मांडतात. वरच्या मधल्या घरात लग्नरास. तिथून डावीकडे मोजत खाली उतरले की डाव्या कडेला टेकलेला खालचा त्रिकोण पाचवा येतो. तेच पंचमस्थान. आज मोबाईलवरच्या एखाद्या ॲपमध्ये पत्रिका उघडली तर या त्रिकोणाखाली प्रेम, प्रणय, कला, सर्जनशीलता, छंद, सट्टा अशी यादी दिसते. दोन पिढ्यांपूर्वीच्या ज्योतिष्याला हेच घर दाखवले असते, तर त्याच्या तोंडी आधी एकच शब्द आला असता : संतती.

२/
त्रिकोण तोच, आकडा तोच; अर्थ मात्र बदलला. तो कधी बदलला, कोणी बदलला आणि का, हा या धाग्याचा विषय. 'सर्जनाचे आणि प्रणयाचे घर' ही ओळख प्राचीन ऋषींनी दिलेली नाही. ती आजच्या रूपात मुख्यतः विसाव्या शतकाची निर्मिती आहे. प्रत्येक समाजाने आपली सर्वांत मोठी इच्छा या घरात ठेवली. त्यामुळे पंचमस्थान माणसाबद्दल जेवढे सांगते, त्याहून कितीतरी अधिक त्या त्या काळाबद्दल सांगते. हे ध्यानात न घेता त्याच्या आधारे माणसांचे निवाडे केले, की अन्याय होतो.

३/
सुरुवात मेसोपोटेमियापासून. ग्रहस्थिती नोंदवून जन्माचे टिपण करण्याची सर्वांत जुनी ज्ञात उदाहरणे बाबिलोनी मातीच्या पाट्यांवर सापडतात, ती इ. स. पूर्व ४१० ची आहेत. आकाशाचे बारा समान राशींत विभाजन तेथेच झाले. मात्र त्या टिपणांत लग्न नाही आणि बारा स्थानेही नाहीत. अमुक ग्रह अमुक राशीत, एवढाच मजकूर. म्हणजे राशी आधी आल्या, घरे नंतर आली. 'पाचवे घर' ही कल्पनाच तोवर जन्मलेली नव्हती.

४/
घरे बांधली गेली ती ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या इजिप्तमध्ये, साधारण इ. स. पूर्व दुसऱ्या-पहिल्या शतकात. पूर्व क्षितिजावर उगवणारी रास पहिली मानून पुढच्या बारा 'स्थानां'ना आयुष्याचे विषय वाटून दिले गेले. तिसरे भावंडांचे, चौथे आईवडिलांचे, पाचवे मुलांचे. एका कुटुंबातली माणसे ओळीने तीन खोल्यांत बसवावीत, तशी ही मांडणी आहे. सहावे आजाराचे, सातवे विवाहाचे. या जुन्या वाटपात 'प्रेमात पडणे' या अनुभवासाठी वेगळी खोली नाही. स्त्री-पुरुषसंबंध सातव्यात सामावले होते.

५/
पाचव्या स्थानाला ग्रीकांनी 'शुभ भाग्य' असे नाव दिले होते. यामागे भूमिती आहे. पाचवे स्थान लग्नापासून १२० अंशांवर पडते आणि १२० अंशांची दृष्टी ग्रीक ज्योतिषात मैत्रीची मानली जाई. ज्या स्थानांचा लग्नाशी असा दृष्टिसंबंध जुळत नाही ती दुसरी, सहावी, आठवी आणि बारावी स्थाने दुर्बळ वा अशुभ ठरली. शुक्राला पाचव्या स्थानी 'आनंद' होतो, असाही संकेत होता. आजच्या प्रणयवादी अर्थाचे जुन्यात जुने मूळ शोधायचे तर ते इथे, शुक्राच्या या आनंदात सापडेल. तरीही ग्रंथकार या घरात पाहत असत ती अपत्येच.

६/
चौथ्या शतकातील लॅटिन ग्रंथकार फिर्मिकुस मातेर्नुस याने तर स्पष्टच नोंदवले की अपत्यांची संख्या आणि त्यांचे लिंग या स्थानावरून कळते. त्याच्या दोन शतके आधीचा टॉलेमी मात्र अपत्यांचा विचार दहाव्या आणि अकराव्या स्थानांवरून सुरू करतो. तिथे ग्रह नसले तरच समोरच्या चौथ्या-पाचव्याकडे वळतो. म्हणजे ज्या परंपरेत ही घरे बांधली गेली, त्या परंपरेतही 'मुले कोणत्या घरात राहतात' यावर एकमत नव्हते. 'शास्त्रात असे लिहिले आहे' हे वाक्य ऐकताना हा मतभेद आठवावा.

७/
हे ज्ञान भारतात आले ते पश्चिम समुद्राच्या व्यापारी वाटांच्या काळात. त्याचा सर्वांत महत्त्वाचा संस्कृत पुरावा म्हणजे स्फुजिध्वजाचा 'यवनजातक' हा ग्रंथ. डेव्हिड पिंग्री यांनी त्याची संपादित आवृत्ती १९७८ मध्ये प्रसिद्ध केली आणि ग्रंथाचा काळ इ. स. २६९-२७० असा ठरवला. पुढे नेपाळमधील हस्तलिखितांच्या नव्या अभ्यासातून बिल माक यांनी या कालनिर्णयावर आक्षेप घेतला. काळाविषयी वाद असला, तरी ग्रंथाच्या नावातला 'यवन' शब्द वादातीत आहे.

८/
पुरावा शब्दांतही आहे. केंद्र, पणफर, आपोक्लिम, होरा, जामित्र, द्रेष्काण, लिप्ता हे संस्कृत ज्योतिषातले शब्द ग्रीकांतून आले आहेत. पाचवे स्थान 'पणफर' वर्गात मोडते. त्यामागचा ग्रीक शब्द 'एपानाफोरा', म्हणजे मागून वर येणारे. पाचव्या-नवव्याला लावला जाणारा 'त्रिकोण' शब्दही ग्रीक 'त्रिगोनोन'शी जोडला जातो. मराठी घरातला ज्योतिषी 'पणफर' म्हणतो, तेव्हा नकळत अलेक्झांड्रियातल्या बोलीचा एक तुकडा उच्चारतो. याची लाज वाटण्याचे कारण नाही. भाषा अशाच वाढतात.

९/
प्राचीन भारतीयांना ही देवघेव लपवावीशी वाटली नाही. सहाव्या शतकातला वराहमिहिर 'बृहत्संहिते'त अशा आशयाचे वचन देतो की, यवन म्लेच्छ असले तरी हे शास्त्र त्यांच्याकडे चांगले प्रतिष्ठित आहे आणि म्हणून त्यांचाही ऋषींसारखा मान राखला जातो. पंधराशे वर्षांपूर्वीचा हा मोकळेपणा आजच्या 'सर्व काही वेदांतच होते' या हट्टापेक्षा अधिक विद्वत्तेचा आहे. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ च्या 'भारतीय ज्योतिषशास्त्र' या मराठी ग्रंथात भारतीय व परकीय ज्योतिषाच्या नात्याचा प्रश्न तपशिलाने मांडला. मराठी वाचकाला हा वाद नवा नाही.

१०/
वराहमिहिराच्या 'बृहज्जातका'त बारा भावांची पर्यायी नावे येतात. पाचव्याला पुत्र हे नाव आहे, धी आहे, आणि आणखी एक नाव आहे : प्रतिभा. सातव्याला पत्नीबरोबरच 'चित्तोत्थ' असे नाव मिळाले आहे. चित्तोत्थ म्हणजे मनात उपजलेला, अर्थात कामदेव. ही दोन नावे शेजारी ठेवली की चित्र लख्ख होते. सहाव्या शतकातल्या भारतीय ज्योतिषात प्रतिभा पाचव्यात होती. प्रेम मात्र सातव्यात. आजच्या ॲपने ज्यांना एका खोलीत आणले, ते तेव्हा दोन खोल्यांतले रहिवासी होते.

११/
इथे सावध राहायला हवे. वराहमिहिराची 'प्रतिभा' आणि आजची 'सर्जनशीलता' एक नव्हेत. त्या यादीत प्रतिभा ही बुद्धीची सखी आहे : झटकन उमजणे, समयी सुचणे, सभेत उत्तर देता येणे. नवनव्या कल्पना प्रसवणारी कविशक्ती हा अर्थ काव्यशास्त्राने पुढे विकसित केला. आणि 'स्वतःला व्यक्त करणे' हा आजचा अर्थ तर त्याहून फार अलीकडचा. शब्द तोच राहतो आणि आशय सरकतो. इतिहासात सर्वाधिक फसगत करणारी गोष्ट हीच.

१२/
भारतात आणखी एक बदल झाला. ग्रीकांच्या पाचव्यात शुक्र आनंदत होता. भारतात तो संकेत रुजला नाही. इथे संततीचा कारक ठरला गुरू. शुक्र पत्नीचा कारक म्हणून सातव्याशी जोडला गेला. पारंपरिक वर्गीकरणात पहिले, पाचवे, नववे हा धर्मत्रिकोण आणि तिसरे, सातवे, अकरावे हा कामत्रिकोण. म्हणजे भारतीय परंपरेने पाचवे घर भोगाकडून काढून धर्माकडे दिले. पुत्र हा सुखाचा विषय राहिला नाही. तो कर्तव्याचा विषय झाला.

१३/
मध्ययुगात यादी लांबत गेली. मंत्रेश्वराच्या 'फलदीपिके'त पाचव्या भावाकडे मंत्री, बुद्धी, भविष्याचे ज्ञान, पुत्र, पोट, श्रुती आणि स्मृती अशी खाती सोपवलेली दिसतात. राजदरबार, पाठशाळा आणि वंश हे त्या समाजाचे तीन आधार एका भावात एकवटले आहेत. या यादीत प्रियकर-प्रेयसी नाहीत, नाटक-चित्रही नाही. ज्या विद्वानाला राजाश्रय हवा, वेद पाठ हवे आणि वंश चालवणारा मुलगा हवा, त्याचे जग या ओळीत मावते.

१४/
पुत्र इतका मध्यभागी का? 'पुं' नावाच्या नरकातून तारतो तो पुत्र, ही व्युत्पत्ती मनुस्मृतीत आहे. श्राद्ध, पिंड, वारसा, सगळे त्याच्यावर अवलंबून. महाराष्ट्राने याची राजकीय किंमतही मोजली. १८४८ मध्ये साताऱ्याचे छत्रपती शहाजी औरस पुत्राविना वारले, कंपनी सरकारने दत्तक नामंजूर केला आणि राज्य खालसा झाले. १८५४ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे राज्यही असेच गेले. एका मुलाच्या असण्या-नसण्यावर दौलत ठरत असे, अशा जगात पंचमस्थानाकडे लोक भयाने पाहत होते, हे समजण्यासारखे आहे.

१५/
या भयाचे सर्वांत स्पष्ट रूप पराशराच्या नावाने प्रचलित 'बृहत्पाराशरहोराशास्त्रा'त दिसते. त्यात पूर्वजन्मीच्या शापांवर स्वतंत्र अध्याय आहे. सर्पाचा शाप, पित्याचा, मातेचा, भावाचा, मामाचा, ब्राह्मणाचा, पत्नीचा, प्रेताचा. आणि या शापांचे फळ कोणते, तर संततीचा नाश. पुढे प्रत्येकावर शांती आणि दाने. अपत्यहीनतेच्या दुःखाला कारण आणि उपाय दोन्ही देणारी ही रचना होती. दुःखिताला तिने आधार दिला असेल. त्याबरोबर अपराधाचे ओझेही दिले.

१६/
एक गोष्ट ग्रंथांच्या बाजूनेही सांगायला हवी. संततीविचारात काही ग्रंथ पुरुषासाठी 'बीज' आणि स्त्रीसाठी 'क्षेत्र' अशी दोन वेगळी गणिते मांडतात. म्हणजे दोष पुरुषाकडे असू शकतो, हे जुन्या ज्योतिष्यांनाही मान्य होते. व्यवहारात मात्र पाचवे घर सहसा मुलीच्याच पत्रिकेत उघडून पाहिले गेले. 'मुलीला संततीसुख आहे ना?' हा प्रश्न वरपक्ष विचारतो. वधूपक्षाने मुलाबद्दल तोच प्रश्न मोठ्याने विचारल्याचे क्वचितच ऐकू येते. पक्षपात पोथीने सुरू केला असो वा नसो, माणसांनी तो वाढवला.

१७/
आता पश्चिमेकडे परतू, कारण प्रणयाची वाट तिकडून येते. अलेक्झांड्रियातली घरे अरबी ग्रंथांत गेली. १०२९ मध्ये गझनीत लिहिलेल्या ज्योतिषपरिचयाच्या ग्रंथात अल्बेरूनी पाचव्या घरात अपत्यांबरोबर मित्र, वस्त्रे, मौज आणि आनंद यांना जागा देतो. भारतावर प्रसिद्ध ग्रंथ लिहिणारा तोच हा अल्बेरूनी. शुक्राचा जुना आनंद भारतात मावळला. अरबी परंपरेत तो टिकला आणि तिथून लॅटिन युरोपात गेला.

१८/
१६४७ मध्ये लंडनमध्ये विल्यम लिलीचा 'ख्रिश्चन ॲस्ट्रॉलॉजी' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच्या पाचव्या घरात मुले, गर्भवती स्त्री, मेजवान्या, दारूचे गुत्ते, नाटके, राजदूत, बापाची संपत्ती आणि वेढा पडलेल्या नगराचा दारूगोळा आहे! इंग्लंड यादवी युद्धात होरपळत होते, वेढे रोजचे होते. पार्लमेंटने १६४२ मध्येच नाट्यगृहे बंद केली होती. तरी ज्योतिष्याच्या घरात नाटके शाबूत राहिली. दारूगोळा आणि नाटके एकाच छपराखाली ठेवणारे हे घर म्हणजे त्या दशकाची वर्तमानपत्री कात्रणेच.

१९/
आणि प्रेम? लिली प्रेमासंबंधीचे सर्व प्रश्न सातव्या घरात घालतो. तिथे विवाह आहे, उघड शत्रू आहेत आणि कज्जेही आहेत. म्हणजे १६४७ पर्यंत, पूर्वेला आणि पश्चिमेलाही, प्रेमाचे घर सातवेच. पाचव्यात मौज आली होती. प्रणय अजून उंबऱ्याबाहेर होता. मौज आणि प्रणय यांची सांगड पुढे घालायची होती, आणि त्यासाठी विवाहापासून प्रेम वेगळे काढता येईल असा समाज आधी घडावा लागणार होता.

२०/
विसाव्या शतकाच्या प्रारंभी एक न्यायालयीन वळण आले. लंडनचा थिऑसॉफिस्ट ज्योतिषी ॲलन लिओ याच्यावर भविष्यकथनाबद्दल १९१४ मध्ये खटला झाला. त्यात तो सुटला. १९१७ मध्ये पुन्हा खटला झाला, तेव्हा दंड बसला. 'घडणार काय' हे सांगणे गुन्हा ठरत असेल, तर 'तुम्ही आहात कसे' हे सांगावे, हा मार्ग त्याने धरला होता आणि तो आता अधिकच पक्का झाला. कायद्याच्या धाकानेही ज्योतिष घटनांकडून स्वभावाकडे वळले. मुले किती होतील, हा प्रश्न मागे पडला. तुमच्यात कोणती शक्ती दडली आहे, हा प्रश्न पुढे आला.

२१/
दुसरे वळण वर्तमानपत्राचे. ऑगस्ट १९३० मध्ये राजकन्या मार्गारेटच्या जन्मानंतर लंडनच्या 'संडे एक्स्प्रेस'मध्ये आर. एच. नेलर याने तिचे भविष्य लिहिले. लेख इतका गाजला की अशी सदरे नियमित झाली. अशा सदराचा वाचक कोण? नोकरी करणारी, शहरात एकटी राहणारी तरुण माणसेही त्यात होती. त्यांना वारसाची चिंता नव्हती. येत्या आठवड्यात कोणी भेटेल का, याची उत्सुकता होती. छापील ज्योतिष आपल्या गिऱ्हाइकाच्या इच्छेकडे झुकले, यात नवल नाही.

२२/
तिसरे वळण मानसशास्त्राचे. पॅरिसमध्ये जन्मलेला आणि अमेरिकेत स्थायिक झालेला संगीतकार डेन रुद्यार याने १९३६ मध्ये 'द ॲस्ट्रॉलॉजी ऑफ पर्सनॅलिटी' हा ग्रंथ लिहिला. कार्ल युंगच्या विचारांचा आधार घेऊन त्याने पत्रिकेला व्यक्तिमत्त्वाचा आराखडा मानले. अशा मांडणीत पाचवे घर आत्माविष्काराचे झाले. संगीतकाराने हे करावे, हेही बोलके आहे. १९५० मध्ये जे. पी. गिलफर्ड यांनी अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेचे अध्यक्षीय भाषण सर्जनशीलतेवर दिले आणि तो विषय संशोधनाच्या मध्यभागी आणला. ज्योतिषाने काळाची हाक अचूक ऐकली.

२३/
शेवटचा धागा सूर्याचा. पाश्चात्त्य ज्योतिषात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एक सोपे समीकरण रूढ झाले : पहिले घर म्हणजे मेष, दुसरे म्हणजे वृषभ, याच क्रमाने पाचवे म्हणजे सिंह, आणि सिंहेचा स्वामी सूर्य. मग पाचव्या घराला सिंहेचा डौल, रंगमंच, आत्मप्रदर्शन आणि हृदय चिकटले. ग्रीकांच्या मांडणीत सूर्याला आनंद होई तो नवव्यात. पाचव्याचा रहिवासी शुक्र होता. म्हणजे आजची 'सर्जन आणि प्रणय' ही जोडी शुक्राची जुनी मौज आणि सूर्याचा नवा अहं यांच्या संकरातून जन्मली.

२४/
ही जोडी भारतात आली ती थिऑसॉफी, इंग्रजी पुस्तके, नियतकालिके आणि शेवटी सॉफ्टवेअर या वाटांनी. इथे तिला तयार जमीन मिळाली. महाराष्ट्रातले पारंपरिक ३६ गुणांचे मेलन चंद्रनक्षत्रावर चालते; त्यात दोघांना एकमेकांविषयी काय वाटते याचा एकही गुण नाही. मंगळदोषाची पहिले, चौथे, सातवे, आठवे, बारावे ही घरे. पाचवे त्यातही नाही. प्रेमविवाह वाढले, तेव्हा त्यांना पत्रिकेत जागा हवी होती. मग 'पंचमेश आणि सप्तमेश यांचा योग म्हणजे प्रेमविवाह' हे सूत्र सर्वतोमुखी झाले. पळून जाऊन केलेल्या लग्नालाही ग्रहांची संमती मिळू लागली.

२५/
यावर ज्योतिषाच्या अभ्यासकांचे एक उत्तर असते, आणि ते दुबळे नाही. ते म्हणतात, अर्थ बदलले नाहीत, उमलले. पाचव्या घराचे बीज 'सर्जन' आहे. मूल हे सर्जन, कविता हे सर्जन, प्रेम ही सर्जनाची ओढ. जुन्यांनी एक फांदी पाहिली, नव्यांना सगळे झाड दिसले. या मांडणीत सौंदर्य आहे. एखाद्या निपुत्रिक कवीला, शिल्पकाराला, शिक्षिकेला 'तुमचे काम हेच तुमचे अपत्य' असे सांगणारा ज्योतिषी शापांची यादी वाचणाऱ्यापेक्षा निश्चितच दयाळू असतो.

२६/
पण या झाडावर राजदूत कोणत्या फांदीला लागतात? पोट, मंत्री, वेढ्यातला दारूगोळा? बीज आधी ठरवून फांद्या निवडल्या, की न जुळणाऱ्या फांद्या गुपचूप छाटाव्या लागतात. दुसरी अडचण अधिक गंभीर. ज्या घराचा अर्थ कोणत्याही आयुष्याला पुरेल इतका ताणता येतो, ते घर कधीच चुकत नाही. मूल झाले तर संतती, न झाले तर कला, तीही नसेल तर बुद्धी, नाहीतर पूर्वपुण्य. जे कधीच चुकू शकत नाही, ते प्रतीक म्हणून मोलाचे असेल; निर्णयाचा पुरावा म्हणून त्याची किंमत शून्य.

२७/
पाचव्या घराकडे असलेल्या 'बुद्धी'ची परीक्षा तर महाराष्ट्रातच झाली. जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि सहकाऱ्यांनी हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका गोळा करून त्या ज्योतिष्यांसमोर ठेवल्या. २७ ज्योतिष्यांनी प्रत्येकी ४० पत्रिका तपासून कोणती कोणत्या गटातली ते सांगितले. बरोबर उत्तरांचे सरासरी प्रमाण ४६ टक्के आले. नाणे उडवूनही साधारण निम्मी उत्तरे बरोबर येतात. ही चाचणी केवळ पंचमस्थानाची नव्हती. पण बुद्धी पत्रिकेत दिसते हा दावा तिच्यात टिकला नाही.

२८/
हा वाद पुस्तकी राहिला असता तर त्यावर एवढे लिहिण्याची गरज नव्हती. गर्भलिंगनिदानावर नियंत्रणाचा कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, देशात सर्वांत आधी. देशाचा कायदा १९९४ चा. तरीही राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुली २००१ च्या जनगणनेत ९१३ होत्या, त्या २०११ मध्ये ८९४ झाल्या. हे पत्रिकेने घडवले असे म्हणणे खोटे ठरेल. ते घडवले वंशाच्या लालसेने आणि यंत्राने. पण ज्या लालसेने पाचव्या घराच्या दारावर 'पुत्र' ही पाटी लावली, तीच लालसा सोनोग्राफीच्या पडद्यासमोरही उभी होती.

२९/
म्हणून नव्या अर्थाकडे दोन नजरांनी पाहावे लागते. 'पुत्र' पुसून 'सर्जन' लिहिले गेले, यात एक सुटका आहे. बाईचे मोल तिच्या कुशीवर ठरत नाही, एवढे तरी त्यातून कबूल होते. मात्र ही पाटी फार वेळा केवळ रंगवलेली असते. तेच ॲप अविवाहितेला 'प्रणययोग' विकते आणि लग्नाला दोन वर्षे झाली की त्याच घरात 'संततिदोष' दाखवून शांती विकते. ग्राहकाचे वय बदलले, की घराचा अर्थ बदलतो. अशा वेळी डॉक्टरकडे जाण्यात होणारा उशीर, आणि तपासणी फक्त सुनेची होणे, हे नुकसान खरे असते. ते ग्रहांच्या नव्हे, माणसांच्या खात्यावर जमा होते.

३०/
पंचमस्थान टाकून द्यावे, असे इतिहास सांगत नाही. अलेक्झांड्रियाची भूमिती, वराहमिहिराचा मोकळेपणा, मध्ययुगीन पंडिताची स्वप्ने, लंडनचे वेढे आणि विसाव्या शतकाची आत्मशोधाची तहान, हे सगळे त्या लहानशा त्रिकोणात साचले आहे. इतका ऐवज असलेले घर जपावेच. ग्रंथालयात जपतात तसे. विवाह जुळवताना ते उघडून एखाद्या मुलीला नकार देणे म्हणजे जुन्या दस्तऐवजाचा न्यायाधीश करणे. पाचव्या घरात काय आहे हे विचारण्याआधी ते कोणी, कधी आणि कोणत्या भीतीपोटी भरले, हे विचारणारा वाचक तयार झाला, तर पुढच्या पिढीतली एखादी सून त्या घराच्या सावलीतून मोकळी होईल.

(समाप्त)
#ज्योतिषाचाइतिहास #पंचमस्थान